मोठी मांजरं कोणी घेतच नाही का? (फोस्टर, अ‍ॅडॉप्शन, अनुभव सांगा प्लीज)

माऊशी | ९ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय आणि जरा रडका आहे, आधीच सांगून ठेवते.

माझ्याकडे सध्या दोन मांजरं फोस्टरला (म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला) आहेत. (घरची एक वेगळी, ती राणीसाहेब कपाटावर बसून सगळ्यांचा अपमान करत असते.) पहिली ठकी. वय साधारण सहा, करडी, पट्टेवाली, आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या आजींची. आजी फेब्रुवारीत गेल्या, मुलगा बंगलोरहून आला, दिवस वगैरे झाले, फ्लॅट रिकामा करून भाड्याने दिला आणि ठकीला जिन्यात ठेवून कुलूप लावलं. वाईट माणूस नव्हता हो, त्याला खरंच कळत नव्हतं काय करायचं, "मांजर आहे, जाईल कुठेतरी" म्हणाला. ती कुठ्ठे गेली नाही. आठ दिवस त्याच दारासमोर पायपुसण्यावर बसून होती, नवीन भाडेकरू आले की उठून आत जायला बघायची आणि ते हाकलायचे. शेवटी मी उचलून आणली.

दुसरा पाटील. बोका, एक डोळा नाही, एक कान फाटलेला, डोकं नारळाएवढं. मटण मार्केटच्या मागे मारामारी करून सुजलेल्या पायाने पडलेला सापडला. पाय बरा झाला, नसबंदी झाली, आता दिवसभर माझ्या चपलांवर झोपतो.

साडेतीन महिने झालेत. मधल्या काळात मी पाच पिल्लं दिली, एकेकाला चार दिवसही लागले नाहीत. ठकीसाठी आलेले फोन ऐका: "पिल्लू नाही का?", "पर्शियन आहे का?", "उंदीर पकडते का?", आणि एक जण तर "सहा वर्षांची म्हणजे आता किती उरली?" म्हणाले, जणू गॅस सिलेंडर आहे.

तुम्ही मोठी मांजरं कशी देता? जाहिरातीत काय लिहिता? की मीच चुकतेय?

झोपाळू_झंपी | १० जून, सकाळी ८:१५

पाटीलचा फोटो टाका आधी!! मग बोलू.

बोकोबा_ठाणे | १० जून, दुपारी १:३०

माऊशी, अकरा वर्षं हेच करतोय, त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

तुमचा टायमिंगचा प्रॉब्लेम आहे थोडा. उन्हाळा ते पावसाळा पिल्लांचा सीझन, मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात, वर्षात दोन-तीन वेळा विते, त्यामुळे जून-जुलैमध्ये प्रत्येक ग्रुपवर खोक्यात चार-चार पिल्लं. त्यांच्या शेजारी सहा वर्षांच्या ठकीचा फोटो कोण बघणार? दिवाळीनंतर जरा बरं पडतं. पण तोवर हातावर हात धरून बसायचं नाही.

तुमची जाहिरात मी दुसरीकडे बघितली बहुतेक. "अतिशय गोड, प्रेमळ मांजर, चांगलं घर हवं." अहो हे तर प्रत्येक मांजराबद्दल लिहितात, माझ्या हाताचा लचका तोडलेल्या बोक्याबद्दल पण मीच लिहिलेलं एकदा. मोठ्या मांजराचा एकमेव फायदा काय, तर ते काय चीज आहे हे आपल्याला *माहीत* असतं. पिल्लू म्हणजे लॉटरीचं तिकीट. आज मांडीत मावतंय, वर्षाने पडद्यावर चढणार की दिवसभर झोपणार, अंगावर येणार की सोफ्याखालून बघणार, काही सांगता येत नाही. ठकीचं सगळं कळलेलं आहे. ते लिहा. रात्री कुठे झोपते, कोणाला घाबरते, काय खात नाही, आणि हो, काय वाईट करते तेही लिहा. वाईट लिहिलं की फोन कमी येतात पण जे येतात ते कामाचे येतात.

आणखी एक. पाटीलची एफआयव्ही आणि फेल्व (मांजरांना होणारे दोन व्हायरस) टेस्ट केलीत का? रस्त्यावरचा मारामारीवाला बोका म्हणजे करायलाच हवी, थेंबभर रक्त लागतं आणि पंधरा मिनिटांत कळतं. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, फेल्व मात्र लाळेतून, एकाच वाडग्यातून, एकमेकांना चाटण्यातून. माणसांना दोन्ही होत नाही. राणीसाहेबांशी भेट घडवायच्या आधी करा.

माऊशी | १० जून, दुपारी ४:०५

टेस्ट नाही केली. 🙈 उद्या नेते. जाहिरातीबद्दल बोललात ते लागलं पण खरंय.

निवांत_काका | १० जून, रात्री ९:२०

माझं मत कोणाला आवडणार नाही, तरी मांडतो. कुत्रा माणसाचा असतो, मांजर घराचं असतं. हे आपल्या आज्या-पणज्या सांगून गेल्या. सहा वर्षं एका घरात राहिलेल्या जनावराला पिंजऱ्यात घालून तिसऱ्याच्या घरी नेऊन ठेवणं ही तुमची हौस, त्याचं भलं नव्हे. मांजर स्वतंत्र प्राणी, सोसायटीत चार घरी दूध मिळतं, राहते आरामात. त्या बोक्याला पण बाजारात सोडा, तिथला राजा होता तो.

राजापूरची_गंगा | १० जून, रात्री १०:४५

काका, अर्धं बरोबर. आमच्याकडे आजोबांनी एका चोरट्या बोक्याला (कालवणातले बांगडे पळवायचा) पोत्यात घालून एसटीने पार पलीकडच्या गावात नेऊन सोडलं होतं. चौथ्या दिवशी जेवायच्या वेळी पडवीत हजर, पाय सोललेले, आणि आजीकडे बघून ओरडतोय की पान वाढा. आजोबांनी परत कधी पोतं काढलं नाही. म्हणजे घर आठवतं हे खरं. म्हणूनच नवीन घरी नेलं की निदान महिनाभर बाहेर सोडायचं नाही, जमलं तर कधीच नाही.

पण ठकीचं घर उरलंय कुठे? कुलूप लागलंय त्याला.

माऊशी | १० जून, रात्री ११:१०

गंगाताई 🙏

काका, राग नाही, पण ठकी आयुष्यात जिन्याच्या खाली उतरलेली नाही. चार घरी दूध म्हणाल तर बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि पाटील बाजारातला राजा होता ते खरंय, पण त्या राजाच्या पायात पू झालेला आणि डोळा गेलेला. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा १९६० चा जो कायदा आहे त्याच्या कलम ११ मध्ये पाळलेलं जनावर कारणाशिवाय वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे, तेव्हा "सोडून द्या" हा ऑप्शन मी धरतच नाही.

निवांत_काका | ११ जून, सकाळी ६:५०

कायदा दाखवू नका हो, मी मत मांडलं. आमच्या वाड्यात बारा मांजरं होती.

बोकोबा_ठाणे | ११ जून, सकाळी १०:१२

आणि त्यातली किती पाच वर्षं जगली काका? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय. आमच्याही चाळीत होती, एकाचंही म्हातारपण बघितल्याचं आठवत नाही मला. घरातलं मांजर पंधरा वर्षं सहज काढतं.

कविता_नाशिक | १२ जून, रात्री १२:३५

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. अनुभव विचारलाय म्हणून. माझा चांगला नाहीये.

मी दोन वर्षांपूर्वी सात वर्षांची मांजर घेतली आणि परत केली.

पांढरी होती, एक काळा ठिपका नाकावर. फोस्टरच्या घरी गेलो तेव्हा माझ्या मांडीवर येऊन बसली, मुलगी वेडीच झाली. घरी आणली आणि ती वॉशिंग मशीनच्या मागे गेली ती गेलीच. दिवसा दिसायचीच नाही. रात्री आम्ही झोपलो की खायची, लिटर (शी-शूच्या वाळूचा ट्रे) वापरायची, परत आत. मुलगी रोज शाळेतून आल्यावर मशीनसमोर पालथी पडून हाका मारायची, टॉर्च टाकायची. सासूबाई म्हणाल्या हे काय भूत पाळलंय. मी हात घातला तर फिस्कारून बोचकारलं, रक्त आलं. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी मी फोन केला आणि रडत रडत म्हटलं की घेऊन जा. त्या ताई एक शब्द बोलल्या नाहीत, संध्याकाळी येऊन घेऊन गेल्या, आणि मुलगी मात्र माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

नंतर कळलं की एका रिटायर्ड जोडप्याकडे गेली आणि तिथे पण महिनाभर लपली होती, पण त्यांना काही वाटलं नाही, ते आपले पेपर वाचत बसायचे. आता त्यांच्या उशीवर झोपते म्हणे. म्हणजे मी अजून दहा दिवस थांबले असते तर... हे मला अजून डाचतं.

झोपाळू_झंपी | १२ जून, सकाळी ७:४०

कविता, मिठी. लिहिलंत हे बरं केलंत.

बोकोबा_ठाणे | १२ जून, सकाळी ९:५५

कविताताई, तुम्ही परत *केली*. जिन्यात नाही ठेवली. फोस्टरवाल्यांना हा फोन येणं म्हणजे चांगली बातमी असते, खरं सांगतो, कारण न आलेले फोन काय असतात ते आम्हाला माहितीये.

आणि चूक असलीच तर देणाऱ्याची जास्त. माझीही झालीय. मांजर फोस्टरच्या घरात मांडीवर बसते कारण ते घर तिच्या ओळखीचं असतं, ती काही तुमच्यावर फिदा झालेली नसते. हे आधी सांगायला हवं. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब असतो: तीन दिवस नुसती भीती, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत स्वतःचं घर वाटायला लागतं. मोठ्या मांजराला याहून जास्तही लागतं.

मी आता काय करतो ते सांगतो. पहिले पंधरा दिवस एकच खोली. अख्खं घर मोकळं देऊच नका, तिला ते मैदान वाटतं. बेडरूम, तिच्यात एक खोका उलटा घालून, एका बाजूला खाणं-पाणी, लांबच्या कोपऱ्यात लिटर (लिटरशेजारी ताट ठेवलं तर तुम्ही जेवाल का?), आणि आधीच्या घरातला न धुतलेला टॉवेल किंवा गोधडीचा तुकडा. लिटरपण आधीचंच, ब्रँड बदलायचा असेल तर महिन्यानंतर. रोज संध्याकाळी खोलीत जाऊन जमिनीवर बसायचं आणि मांजराकडे अजिबात बघायचं नाही. मोबाईल बघा, भाजी निवडा. माझी एक अ‍ॅडॉप्टर मोठ्याने शेअर बाजाराच्या बातम्या वाचायची, नऊ दिवसांत बोका बाहेर आला. टॉर्च, हात घालणं, ओढून काढणं बंद. नजरानजर झाली तर सावकाश डोळे मिटून उघडायचे, त्यांच्या भाषेत ते "माझ्यापासून धोका नाही" असं असतं.

एका गोष्टीत मात्र वाट बघायची नाही, खाणं. लपलं तरी चालेल पण रात्रीत वाटी रिकामी झाली पाहिजे. मोठं मांजर, त्यातून जाड असेल तर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढते आणि जीवावर बेततं. २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन. तसंच बोका सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय आणि लघवी होत नाहीये, तर रात्री दोन वाजले असले तरी न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

अर्ध्यातून_वाचणारा | १२ जून, दुपारी १२:२०

बायको प्रेग्नंट आहे, घरचे म्हणतात मांजर काढा. आमची चार वर्षांची आहे. द्यावी लागेल का? धाग्यात शोधलं, दिसलं नाही.

डॉ_पंजा | १२ जून, दुपारी ३:४५

व्हेट आहे, म्हणून लिहितो. द्यायची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा (गर्भाला धोका असणारा परजीवी) मांजराच्या शीतून येऊ शकतो, पण शी पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे लिटर रोज साफ करा, आणि ते काम नऊ महिने तुमचं, बायकोचं नाही. मांजराला कच्चं मटण-चिकन देऊ नका, बाहेर सोडू नका. बायकोने बागेतल्या मातीत हातमोजे घालावेत, भाज्या धुवाव्यात, अर्धंकच्चं मटण टाळावं. तिच्या डॉक्टरांनाही विचारा. माझ्याकडे "बाळ होणार म्हणून" सोडायला आणलेली मांजरं दरवर्षी येतात, त्यातली बरीच या एका गैरसमजावर.

धाग्यात आलोच आहे तर: फोस्टर लोकहो, नवीन मांजर आणलं की दोन आठवडे वेगळं ठेवा, तब्येतीने कितीही चांगलं दिसलं तरी. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा व्हायरस जमिनीवर, कपड्यांवर वर्षभरसुद्धा टिकतो. आणि फरशी फिनाईलने पुसू नका, डेटॉलसारखं काही नको, मांजराचं लिव्हर फिनॉल पचवू शकत नाही आणि ती पंजे चाटते. पाण्यात मिसळलेलं ब्लीच, दहा मिनिटं ठेवून मग साध्या पाण्याने. क्रोसिन एक गोळीसुद्धा जीव घेते. कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी.

माऊशी | १४ जून, रात्री ९:००

अपडेट. पाटील एफआयव्ही पॉझिटिव्ह. फेल्व निगेटिव्ह. ठकी दोन्ही निगेटिव्ह. मी क्लिनिकच्या बाहेर स्कूटीवर बसून दहा मिनिटं रडले, आता याला कोण घेणार.

डॉ_पंजा | १४ जून, रात्री ९:३८

रडू नका. एफआयव्हीवाली मांजरं वर्षानुवर्षं छान जगतात. बाहेर सोडायचं नाही, दातांकडे लक्ष, लसी वेळेवर, जरा काही वाटलं की लवकर दाखवायचं. एकटं मांजर म्हणून उत्तम.

रीडिंगकर | १५ जून, दुपारी २:१०

इंग्लंडमधून. आम्ही नऊ वर्षांचा बोका शेल्टरमधून घेतला तेव्हा त्याच्याबरोबर आधीच्या मालकिणीने भरून दिलेला चार पानी फॉर्म मिळाला, त्यात "हूवर (व्हॅक्यूम क्लीनर) आवडत नाही, दाढीवाले पुरुष आवडत नाहीत, रविवारी चिकनचा तुकडा अपेक्षित" असं सगळं. मला दाढी होती. 😐 काढली. तर ठकीच्या आजींच्या शेजाऱ्यांना, कामवाल्या मावशींना विचारून असा कागद बनवता येईल का? आणि चिप (कातडीखाली बसवतात ती, ओळख पटवायला). इकडे जून २०२४ पासून मांजरांना सक्तीची झालीय, भारतात सक्ती नसली तरी मोठ्या शहरांत व्हेट बसवून देतात, नवीन घरातून पळालं तर उपयोग.

माऊशी | १९ जून, रात्री १०:३०

रीडिंगकर, तुमच्या त्या फॉर्मने कमाल केली. आजींच्या स्वयंपाकाच्या बाईंना गाठलं. त्यांनी सांगितलं की ठकीला दुपारी दोनला रेडिओ लागतो, आजी लावायच्या. मी मोबाईलवर जुनी गाणी लावली तर साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा ही बया सोफ्याखालून येऊन फोनवर डोकं घासत बसली. मला हुंदकाच आला. तिला म्हातारी माणसंच आवडतात, आमच्या घरात दोन मुलं आणि कुकरच्या शिट्ट्या.

नवीन जाहिरात अशी लिहिली: "ठकी, सहा वर्षं. शांत घर हवं. लहान मुलं नकोत. उचललेलं आवडत नाही, शेजारी बसलेलं आवडतं. दुपारी रेडिओ लावावा लागेल. उंदीर पकडत नाही, पकडणार नाही."

तीन फोन आले. तिन्ही धड!

माऊशी | २७ जून, रात्री ११:०५

सल्ला हवाय. तीनपैकी सगळ्यात चांगलं घर म्हणजे एक काकू, वय ७१, एकट्या, दुसरा मजला, जाळी लावायला तयार. मी घरी जाऊन आले, ठकीला तिथे सुख लागेल असं पोटातून वाटतंय. पण परत तेच झालं तर? परत जिना?

राजापूरची_गंगा | २७ जून, रात्री ११:३०

७१ म्हणून नाही म्हणणार? मग म्हाताऱ्या मांजरांना घरं मिळायची कुठून.

बोकोबा_ठाणे | २८ जून, सकाळी ८:२०

द्या. पण "नंतरचं माणूस" लिहून घ्या. काकूंची मुलगी, भाची, शेजारी, कोणीतरी एक, नाव-नंबरासकट, समोर बसवून, फोनवर हो म्हणवून. आणि अ‍ॅडॉप्शनच्या कागदावर ओळ टाका की काहीही झालं तर मांजर आधी तुमच्याकडे परत येईल. हे मी पंचवीस वर्षांच्या पोरांकडूनही घेतो, त्यांची लग्नं होतात, बदल्या होतात, घरमालक बदलतो. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी मेसेजवर घ्या. स्वतःचं असेल आणि सोसायटी कुरकुर करत असेल तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं पत्रक दाखवा, ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही.

जाळी लागल्याशिवाय मांजर द्यायचं नाही. "पुढच्या आठवड्यात लावतो" याला बळी पडू नका. मी पडलोय एकदा. चौथा मजला. त्यावर जास्त लिहीत नाही. कबुतरांची नायलॉनची जाळी मांजर दातांनी कापतं, जरा जाड घ्या.

माऊशी | ६ जुलै, रात्री ८:४०

ठकी गेली. जाळी आधीच लागली होती, मी हाताने ओढून बघितली. काकूंच्या भाचीची सही घेतली. आजींच्या पायपुसण्याचा तुकडा बरोबर दिला, तोच, मी जिन्यातून उचलून आणलेला.

पहिली रात्र पलंगाखाली. दुसरी पण. काकूंचा फोन आला की "खाते पण दिसत नाही, मी काय रोज हिच्यासाठी पलंगाखाली वाकू का, गुडघे आहेत का माझे?" म्हटलं वाकूच नका. आज पाचव्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी फोटो आला, रेडिओ, रेडिओशेजारी शेपटी. बाकीची ठकी फ्रेमच्या बाहेर.

कविता_नाशिक | ६ जुलै, रात्री ९:१५

शेपटी बघून मी ऑफिसच्या कॅबमध्ये रडले. 🙂

निवांत_काका | ७ जुलै, सकाळी ६:४५

रेडिओ कोणतं स्टेशन लावतात?

माऊशी | ७ जुलै, सकाळी ९:००

विविध भारती काका 😄

आता पाटील. बोकोबांच्या शिस्तीत लिहिलंय, बघा आणि पुढे पाठवा:

"पाटील, पाच वर्षं असावीत. एक डोळा, दीड कान. नसबंदी, लसी झाल्या. एफआयव्ही पॉझिटिव्ह, म्हणून दुसरं मांजर नसलेलं घर हवं. रात्री तीनला एकदा ओरडतो, कारण माहीत नाही, उठून 'काय रे' म्हटलं की गप्प होतो. चपलांवर झोपतो, ऑफिसला जाताना उठवावा लागेल. घोरतो. सुकट बघितली की इज्जत सोडतो. माणूस दिसला की आडवा पडतो, कोणीही चालतं, गॅसवाला सुद्धा. पुण्यात नोंदणीचे कागद करून देईन, मनपाने २०२२ मध्ये मांजरांचीही सुरू केलीय."

शाहूपुरी_मेल | ७ जुलै, रात्री १०:२२

कोल्हापूर चालेल का? मी पण घोरतो.

माऊशी | ७ जुलै, रात्री १०:२४

जाळी आहे का?

शाहूपुरी_मेल | ७ जुलै, रात्री १०:३१

सकाळी माप घेतो.